ओट्यातला सांधा

काकांनी लिंबाची अर्धी फोड शेवटच्या तुकड्यावर उपडी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरांसारखे हात मागे बांधून उभे राहिले. जेवणाच्या टेबलावर नव्या ओट्यासाठी आणलेले नमुने ओळीनं मांडले होते. दाबलेल्या कागदाचा, बांबूचा, जुन्या दारांच्या लाकडाचा आणि फुटक्या काचेचा.

"बाबा, लिंबू कालच झालं ना?" लेक म्हणाली.

"काल बांबूवर झालं. काचेवर राहिलं होतं."

"मग बांबूचं काय झालं?"

"डाग पडला. लाकडावरही पडला."

"आणि कागदाचा?"

"गरम पातेलं ठेवलं की कण्हतो."

"कण्हतो?"

"आवाज येतो. तू ठेवून बघ."

लेकीनं कपाळाला हात लावला. डोंगर फोडून काढलेला दगड आता आपल्या घरात नको, टाकाऊतून घडवलेलंच काहीतरी घेऊ, हा हट्ट तिचा. बाबांनी तो एका शब्दात मान्य केला होता. खरं तर तेव्हाच तिला शंका यायला हवी होती, कारण बाबांनी एका शब्दात मान्य केलेली जन्मातली ही पहिलीच गोष्ट.

टेबलाच्या टोकाला काकू चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. ओटा बदलायचा तो त्यांच्यासाठीच. जिन्यावरून पडल्यापासून त्यांना उभं राहता येत नव्हतं. जुना ओटा त्यांच्या हनुवटीशी यायचा आणि खालच्या कपाटांवर गुडघे आपटायचे. मग त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून हुकूम सोडायच्या आणि आत काका ते झेलायचे. "कांदा लाल होऊ द्या म्हटलं, काळा नाही!" सुरुवातीला सगळं करपलं. मग सगळं अळणी झालं. मग एके दिवशी काकूंनी घास घेतला आणि काही बोलल्याच नाहीत, नुसतं ताट पुन्हा पुढे केलं. त्या दिवशी काका शीळ घालत भांडी घासत होते.

आता नवा ओटा बसका होणार होता, खाली मोकळा, खुर्ची थेट आत जाईल असा. काकू दिवस मोजत होत्या. "मला माझ्या हातानं एक कांदा चिरायचाय," त्या सगळ्यांना सांगायच्या, "आणि पोटभर रडायचंय."

काकांनी फोड उचलली, काच ओल्या फडक्यानं पुसली, वाकून पाहिलं, मग उजेडात धरून पाहिलं. डाग नव्हता. काकांचा चेहरा पडला.

काकूंनी तो पाहिला. संसारात त्यांनी नवऱ्याचा चेहरा नाना कारणांनी पडलेला पाहिला होता, पण डाग पडला नाही म्हणून चेहरा पडावा, हे नवीनच होतं.

"चला, दुकानात जाऊ," त्या म्हणाल्या. "आजच. उगाच घोळ नको."

काचेचा नमुना जिथून आणला ते दुकान म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड होती. एका बाजूला फुटक्या बाटल्यांचे आणि खिडक्यांच्या काचांचे ढीग, दुसऱ्या बाजूला त्यांच्यापासून ओतलेल्या लाद्या. दुकानदार बाईंनी हातावरची पांढरी पूड झटकली आणि एक लादी आडवी केली. काकूंनी तिच्यावरून तळहात फिरवला. हिरव्या-निळ्या काचांचे कण आत अडकलेले, वरून गुळगुळीत, गार. त्यांनी हात काढलाच नाही.

"हीच."

"एक आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "आमचे साचे लहान आहेत. तुमच्या भिंतीएवढी सलग लादी निघत नाही. दोन तुकडे बसवावे लागतील. मध्ये सांधा येणार."

काकांच्या जिवात जीव आला.

"सांधा? मग संपलंच! सांध्यात पाणी मुरणार, घाण अडकणार. नकोच ते. थोडं थांबू, दुसरं काही निघेल. आणि जुन्या ओट्याला काय धाड भरलीये?"

"आईला तिथे जाता येत नाही, ही धाड भरलीये!" लेकीचा आवाज चढला.

"मी आहे ना!" काका ओरडलेच. "मी करतोय ना सगळं? वाईट करतो का?"

काकांनी खिशात हात घातला, आणि हाताला लागलं ते लिंबू काढून उगाचच फिरवत बसले. हो, दुकानातही आणलं होतं.

निवृत्त झाल्यापासून काका घरात नुसते होते. पेपर, खिडकी, डुलकी, आणि "जरा पाय वर घ्या, केर काढायचाय." काकू पडल्या आणि त्या सगळ्या दुःखात त्यांना एक काम सापडलं. ते आवडायला लागलं, याची त्यांना मनातून लाज वाटायची. ओटा बसका झाला की आपली पुन्हा खिडकीशी रवानगी, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण सांगणार कुणाला? बिचारे लिंबू चोळत बसले होते.

"पाणी कुठं मुरतंय ते आलं हो माझ्या लक्षात," काकू हळूच म्हणाल्या. मग दुकानदार बाईंकडे वळल्या. "बाई, सांधा हवाच आहे मला. टेप काढा."

बाईंनी खुर्चीशी वाकून जमिनीपासून काकूंच्या कोपरापर्यंत माप घेतलं.

"हा झाला एक तुकडा," काकू म्हणाल्या. "आता ह्यांचं घ्या."

"माझं कशाला?"

"मग काय माझ्या ओट्यावर वाकून कांदा चिरणार? आणि कमरेच्या नावानं बोंब मारलीत की ऐकायचं मी! दोन तुकडे आहेत ना, दोन उंच्या करा. सांध्याशी पायरी."

काकांनी लिंबू लेकीच्या हातात दिलं, शिंप्यापुढे राहावं तसे ताठ उभे राहिले आणि कोपर दुमडलं. डोळे मात्र शेडच्या पत्र्याकडे लावले होते, आणि ते भरून आले होते.

"फुगू नका," काकू म्हणाल्या. "रोज उभे राहता तसे राहा. नाहीतर ओटा छातीशी येईल."

बाईंनी कागदावर भिंत आखली, मधोमध पायरी काढली. "छान दिसेल," त्या म्हणाल्या. "आता शेगडी कुठल्या बाजूला ते सांगा."

"माझ्या," काका म्हणाले.

"माझ्या," काकू त्याच दमात म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच मागे हटायला तयार दिसेना. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि चहा सांगितला.