रिकाम्या मांडवाचे आवतण

मालिकेच्या सहाव्या भागाच्या शेवटी खाडीकाठी एका कोळ्याची चिता पेटते आणि ती पेटत असताना कल्पेशची आत्या गात असते. एकूण एक्केचाळीस सेकंद. पडद्यावर ती कुठेच दिसत नाही. दिसतो तो धूर, ओहोटीने उघडा पडलेला चिखल आणि पाठमोरा उभा असलेला मुलगा. तळाशी, ऐकू न येणाऱ्यांच्या सोयीसाठी, कंसात दोन इंग्रजी शब्द उमटतात. त्यांचा अर्थ इतकाच: बाईचा आक्रोश.

कल्पेशने तो प्रसंग सतरा वेळा पाहिला होता. पनवेलच्या महाविद्यालयात तो इंग्रजीत एम.ए. करत होता आणि त्याच्या शोधनिबंधाचा विषयच तो होता: इंग्रजी मालिकांच्या तळाशी कंसात येणारी आवाजांची वर्णने. दार करकरते. दूरवर कुत्रा भुंकतो. संगीत हळूहळू विरते. असल्या ओळींकडे कुणी साहित्य म्हणून पाहत नाही. कल्पेशला मात्र त्या फार जवळच्या वाटत. चारचौघांत स्वतःचे वाक्य पुरे करताना ज्याचा घसा सुकतो, अशा माणसाला ही कल्पनाच सुखावणारी होती, की कुणीतरी पडद्याच्या पायाशी बसून दुसऱ्यांच्या आवाजांना शांतपणे नावे देत आहे.

हा आवाज मात्र त्याने स्वतःच नेऊन दिला होता.

मालिका इंग्रजी होती, पण गोष्ट उरणकडच्या मिठागरांची. दीड वर्षापूर्वी ती काढणाऱ्या कंपनीचा निरोप महाविद्यालयाच्या ग्रुपवर आला: स्थानिक बायकांचे खरेखुरे गाणे हवे आहे. कल्पेशला दुसरे कुणी सुचणेच शक्य नव्हते. गव्हाणला त्याच्याच घरी राहणारी शांतीआत्या धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडव घातल्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधी जिच्या गाण्याने पुढे सरकतो, ती धवलारीण. आणि ती गाते तो धवला. शांतीआत्या उंबऱ्याशी येऊन बसली की हसणाऱ्या पोरीसुद्धा पदर सावरत.

"कुणाचा लगीन?" त्याने फोन समोर धरला तेव्हा आत्याने विचारले होते.

"लगीन नाय आत्या. नुसता रेकॉर्ड करायचाय."

"नुसता कसा गाऊ? नवरीच्या नावाशिवाय धवला उभा राहत नाय. नाव सांग, मग गाते."

त्याच वेळी शेजारच्या शोभाकाकीची समृद्धी वाटी परत करायला ओट्यावर आली, वाटी ठेवून निघूनही गेली. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या लग्नाचा विचार तेव्हा तिच्या आईच्याही मनात नव्हता.

"समृद्धी," कल्पेश म्हणाला.

"ठरला हिचा?"

"ठरलाय. पण कुणाला सांगू नको इतक्यात."

इतक्या सहज तो आयुष्यात दुसरे काही बोलला नव्हता. आत्याचा चेहरा उजळला. तिने अंघोळ केली, धुतलेले लुगडे नेसली, दिवा लावला, पाटावर तांदळाची रास घातली. कल्पेश फोनची बॅटरी किती उरली ते पाहत होता. मग ती गायली. धवल्याच्या आरंभी देवांना आवतण असते: गावदेवीला, खंडेरायाला, घरातल्या गेलेल्या माणसांना. समृद्धीच्या मांडवाला या, असे ती प्रत्येकाला नावानिशी विनवत गेली. शेवटी नवरी उंबऱ्याशी थबकते आणि मागे वळून पाहते, तिथे ती थांबली.

"हितून पुढचा मांडवान," ती म्हणाली. "तो घरान गायचा नसतो."

कंपनीने पाठवलेल्या कागदावर कल्पेशने तिच्या वतीने सही केली आणि सोबत धवल्याचा अर्थ चार पानांत इंग्रजीत लिहून दिला. त्या पानांवर त्याने तीन आठवडे मेहनत घेतली होती. ती कुणी उघडली नसावीत.

*

मालिका आली ती मार्गशीर्षात. त्याआधीच्या कार्तिकात समृद्धीची सोयरीक खरोखरच जुळली होती. मुलगा नेऱ्याचा, लग्न वैशाखात. मालिका आल्यावर तिसऱ्याच दिवशी तो सहावा भाग कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि शोभाकाकी फोन हातात घेऊन कल्पेशच्या ओट्यावर आली. आत्या बाजारात गेली होती.

"तू इंग्रजी शिकलेला," काकी म्हणाली. बसली नाही. "हे खाली काय लिवलाय ते वाचून दाव."

कल्पेशला खोटे बोलता आले असते. पण वाचून दाखव म्हटल्यावर जे लिहिले आहे तेच वाचायचे, ही एकच शिस्त त्याने आजवर पाळली होती.

"बाईचा आक्रोश."

"आक्रोश." काकीने शब्द तोलून पाहिला. "म्हंजे मयताचा. आणि त्यान माज्या पोरीचा नाव. चार वेळा हाय, मी मोजला. कुणी दिला रे हा नाव?"

"मीच दिला काकी. पण ते तसं नाय. गाणं तिथे गायलेलं नाय. चिता वेगळी, गाणं वेगळं. नंतर एकावर एक ठेवतात."

"कशाला ठेवतात?"

याचे उत्तर त्याच्या शोधनिबंधात साडेसहा पानांचे होते. दृश्याच्या बाहेरून येणारा आवाज दृश्याला अर्थ कसा देतो, परकी भाषा कानाला नुसता सूर म्हणून कशी पुरवली जाते, इंग्रजी प्रेक्षकाला न कळणारी वाणी दुःखाचीच का वाटते. त्याने तोंड उघडले. यातले एकही वाक्य ओट्यावर उभे राहील असे नव्हते.

"चांगला वाटतो म्हणून," तो म्हणाला.

"चांगला वाटतो," काकी म्हणाली. "तुमची शिकल्याली लोका. लगनाला शांतीला बोलवायची नाय, सांग तिला. मी नाय सांगत, माज्यानं होणार नाय."

त्याने सांगितले नाही. पण सांगण्याची गरज उरली नाही. पौषानंतर लग्नसराई सुरू झाली आणि आत्याकडे कुणी सुपारी घेऊन आले नाही. एका घराने सांगितले, मुलाकडच्यांना डीजे हवा आहे. दुसऱ्या घराने काहीच सांगितले नाही. आत्या रोज सकाळी ओटा सारवल्यासारखा स्वच्छ पुसायची आणि रस्त्याकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. उरणच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर जायचे, भिंतीवरचे फोटो हलायचे.

"समृद्धीचा तरी जवल आला," ती मधूनच म्हणायची. "तिचा आवतन मी दिलाय. पुढचा मीच गायचा."

कल्पेश मान खाली घालून वाचत असल्यासारखा बसून राही.

त्याने कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले. गाणे काढा, निदान नाव तरी काढा. उत्तर नऊ दिवसांनी आले. भावना पोहोचल्या होत्या. खेद व्यक्त करण्यात आला होता. परंपरांचा आदर राखला जातो असे म्हटले होते. पेन्सिल हाती घेऊन तो नेहमीच्या सवयीने त्या पत्राची वाक्ये सोडवू लागला आणि त्याच्या लक्षात आले, की सबंध पत्रात एकाही क्रियेला कर्ता नाही. कुणी काही केलेले नव्हते. ध्वनी बदलता येणार नव्हता. खालची ओळ मात्र दुरुस्त होईल, असे शेवटी लिहिले होते.

आणि ती झाली. फाल्गुनात एके दिवशी आक्रोशाच्या जागी नवे शब्द आले: स्त्री लग्नगीत गाते. चिता तशीच जळत होती.

त्याच्या मार्गदर्शक रोहिणी मॅडम हे ऐकून खुर्चीत पुढे सरकल्या. "कल्पेश, हे तुझं सगळ्यात स्ट्राँग चॅप्टर होणार. दोन कॅप्शन्स, तोच आवाज. असं मटेरियल कुणालाच मिळत नाही रे."

"मॅडम, आत्याला आता कुणी लग्नाला बोलवत नाही."

"हो ना. ते पण टाक," मॅडम मनापासून म्हणाल्या. "फूटनोटमध्ये."

*

चैत्र संपत आला तेव्हा तो धीर करून शोभाकाकीच्या घरी गेला. नवी ओळ त्याने फोनवर काढून ठेवली होती. काकीने ती पाहिलीसुद्धा नाही. बोलली ती समृद्धी. ती ड्यूटीवरून आली होती, पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती.

"आई, मी रोज मेलेली माणसं बघते. नाव माझं कुठं वाजलं त्यानं काय होत नाय. मला धवल्याला आत्या पायजे. नायतर कुणीच नको."

"सासरची बोलतील."

"बोलूंदे. त्यांना पण बोलायला कायतरी लागताच ना."

काकी बराच वेळ सुपातले तांदूळ घोळवत राहिली. मग कल्पेशकडे न पाहता म्हणाली, "जा. सांग शांतीला, सुपारी घेऊन येते सकाली."

त्या चाळीस पावलांच्या वाटेवर कल्पेश इतका हलका झाला होता, की आपण काहीतरी गुणगुणत आहोत हे त्याला दारात पोचल्यावर कळले. आत्या उंबऱ्यावर बसली होती. त्याने सांगितले. तिने ऐकून घेतले. आनंद झाला असे तिच्या तोंडावर दिसले नाही.

"बस," ती म्हणाली. "शोभा काल नळावर सगला बोलली. पोरीची सोयरीक कार्तिकान जुळली. त्याआधी मुलगा बघितलापन नव्हता."

कल्पेश एक पायरी खाली बसला.

"तू त्या वर्साला बोललास, ठरलाय."

"हो."

"ठरला नव्हता."

"नाय आत्या."

रस्त्यावरून एक ट्रेलर गेला. भांड्यांचा आवाज थांबेपर्यंत ती थांबली.

"तो जाळायचा दाखवलाय म्हणून शोभा घाबरली. मना त्याचा काय नाय," ती म्हणाली. "खाडीवर जालतात, खाडीवरच नवरा उतरतो. पन मी देव बोलावले रे. एकेकाला नाव घेऊन बोलावले, समृद्धीच्या मांडवाला या. ते आले असतील. मांडव नव्हता. नवरा नव्हता. कुठं बसली असतील ती सगली?"

"मी चुकलो. मी परत बोलावतो त्यांना, तू सांगशील तसं. माफी मागतो."

"एका नावानं आवतन एकदाच. माज्या सासूनं मना शिकवताना पहिला हाच सांगितला." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "आता त्याच नावानं कुठल्या तोंडानं बोलवू? आवतन नाय, तर पुढचा कसा गाऊ? शोभाला सांग, शांतीचा घसा बसलाय."

चार-पाच महिने तो त्या चितेशी, त्या कंसाशी, त्या कर्ता नसलेल्या पत्राशी झगडत होता. ज्या वाक्याने सगळे बिघडले ते यातले एकही नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते, 'ठरलाय' या एका शब्दाचे, आणि त्याला कर्ता होता.

*

वैशाखातल्या त्या दुपारी शेजारच्या मांडवात स्पीकर लागला होता. समृद्धीने दुसऱ्या धवलारणीला नको म्हटले होते, म्हणून विधी नुसतेच पार पडत होते, मध्ये मध्ये बायका एकमेकींना विचारत होत्या, आता काय, आता काय. आत्याला बोलावणे होते, पण ती गेली नाही. ती स्वतःच्या उंबऱ्यावर बसली आणि तिच्या बाजूला, एक पायरी खाली, कल्पेश.

"आता तेल उतरवतील," ती हळूच म्हणे. थोड्या वेळाने पलीकडून गलका येई आणि तो विधी होऊन जाई.

उन्हे कलली. नवरी निघाली. शोभाकाकीच्या रडण्याचा आवाज आला, कुणीतरी स्पीकर बंद केला. समृद्धीने उंबरा ओलांडला, आणि मग, कुणी सांगितले नव्हते तरी, ती थबकली. तिने मागे वळून पाहिले; घराकडे नाही, इकडे, या ओट्याकडे. हळदीने पिवळे झालेले तिचे हात तसेच अधांतरी राहिले. सगळे थांबले होते. इथून पुढचे मांडवात गायचे असते.

आत्याचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. तिने पदर तोंडाशी धरला आणि हाताने पोरीला खूण केली, जा.

गाडी वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, "तुज्या फोनान तो हाय का अजून?"

"हाय. लावू?"

"नको."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पुसू पन नको."

ती आत गेली. कल्पेशने खिशात हात घातला, फोन मुठीत धरला, आणि दिवेलागण होईपर्यंत तो तसाच पायरीवर बसून राहिला.