पिच्चरमधला वॉर्डबॉय

"हात सोड त्यांचा! आधी सोड!"

सागर दारातूनच ओरडला. वॉर्डबॉय काळूरामने लडकूचं मनगट सोडलं आणि दुसऱ्या हातातलं नेलकटर सागरसमोर धरलं.

"नखं कापतोय. सोताच्याच गालावर ओरखडे काढतात ते."

सागरचा मोबाइल रेकॉर्डिंग करतच होता. सागर पडघ्याच्या गोदामात कामाला होता. आई गेल्यापासून बापाने, लडकूने, अन्न टाकलं होतं. दिवसभर भिंतीशी बोलायचा. शेवटी नाइलाजाने सागरने त्याला भिवंडीच्या या मनोरुग्णालयात आणलं. चार दिवस सागर बापाच्या कॉटपासून फारसा हलला नव्हता. प्रत्येक गोळीचं पाकीट मागून घेऊन नाव वाचायचा.

"मना सगला म्हाईत हाय. पिच्चरमधी पायलाय. घरचा मानूस भायेर गेला का तुमी बांधून घालता, शॉक देता," सागर म्हणाला.

काळूराम धिप्पाड होता. लहानपणी फुटलेल्या भुवईमुळे चेहरा उग्र दिसायचा. बावीस वर्षं तो याच वॉर्डात होता. त्याच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनीही त्याला शॉकबद्दलच विचारलं होतं. ते पुन्हा फिरकले नाहीत.

"इथं शॉक देत न्हाय," तो म्हणाला. "मोठ्या इस्पितळात देतात, पन भूल देऊन, सही घेऊन. चल, खोल्या दाखवतो."

त्याने खरंच एकेक दार उघडलं. शेवटच्या खोलीत चादरींचे गठ्ठे होते. सागरने गठ्ठ्यांमागेही वाकून पाहिलं.

दोघं परतले तेव्हा लडकू दुसरा हात पुढे करून बसला होता.

"यो ऱ्हायला," तो काळूरामला म्हणाला.

चार दिवसांत तो पहिल्यांदाच माणसाशी बोलला होता. सागरने मोबाइल खिशात टाकला. नजर मात्र नेलकटरवरच ठेवली.

तीन आठवड्यांनी लडकू जेवता-बोलता होऊन घरी निघाला. फाटकापाशी सागर घुटमळला.

"काका, कुठं भेटलात तं... वलख दाखवू नका. लोक नाय नाय ते बोलतात."

"न्हाय दाखवनार," काळूराम म्हणाला.

मार्गशीर्षात काळूराम वज्रेश्वरीला गेला. देवळाच्या पायऱ्यांपाशी समोरून लडकू आला, सोबत सून आणि गावचे चारजण. त्याने काळूरामला पाहिलं. चेहरा उजळला, पाऊल थांबलं.

काळूराम झटकन नारळवाल्याकडे वळला.

मागून लडकूचा आवाज आला. तो सुनेला पायऱ्या सावकाश चढायला सांगत होता. आवाज ठणठणीत होता. तो दूर जाईपर्यंत काळूराम एकच नारळ कानाशी हलवून बघत राहिला.