सलोमीच्या शेजारची जागा

इस्टरच्या आधी आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी चुन्यानं पांढऱ्या करतो. दरसाल दोघं मिळून जातो. यंदा आमचं मालक म्हणालं, गुडघा दुखतोय, तू एकटीच जा. आदल्याच दिवशी शाहूपुरीपतूर चालत जाऊन आलेला माणूस! तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमची सलोमी त्या दफनभूमीत हाय. एकोणीस वर्षांची पोर काविळीनं गेली, त्याला बावीस वर्षं झाली. तिच्या दोन्ही अंगाला एकेक जागा आम्ही तवाच मागून घेतली, डावी माझी, उजवी मालकांची. पोर मधी, आम्ही दोन बाजूला. तिघं एका ओळीत निजायचं, ह्यापलीकडं मला काय नको. आता तिथं नखाएवढी जागा उरली न्हाय, आणि शहराबाहेरची नवी जागा अजून कागदावरच हाय. म्हणून मी ह्या दोन जागांवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवते.

बादली घेऊन गेले आणि बघते तर काय, सलोमीच्या उजव्या अंगाला ताजी माती. वर वाळलेला झेंडू. नाव न्हाय, गाव न्हाय. बादली तिथंच ठेवली.

आधी राखणदाराला धरला. तो नळाकडं बघत म्हणाला, मी रजेवर गेलतो. बावीस वर्षांत ज्यानं कधी रजा घेतली न्हाय, तो नेमका तवाच रजेवर! मग थेट दफनभूमीच्या कमिटीच्या सेक्रेटरीचं घर गाठलं. एरवी हा गडी दारातनंच वाटेला लावतो. त्या दिवशी बसा म्हणाला, च्या दिला, वर खारी. खारी बघितली आणि मला पक्कं वाटलं की ह्यानं कुणातरी बड्या माणसाला आमची जागा दिली. तोंडावर तसं बोलले. तरी रागावला न्हाय, हीच तर गोम. नुसतं म्हणाला, चिमणाबाई, तुमच्या मालकांनाच विचारा.

रस्ताभर माझं डोकं तापलं. महिन्यापूर्वी मी वारणानगरला बहिणीकडं गेलते. परत आले तर मालकांची विजार धुवून वाळत घातलेली. आयुष्यात कधी रुमाल धुतला न्हाय ह्या माणसानं. तवाच विचारायला पायजे होतं.

घरात शिरले आणि त्यांच्या हातातला पेपर ओढला. मग सगळं बाहेर आलं. कबनूरची झुंबरबाई म्हणून एक म्हातारी, यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरणारी. आठ वर्षांपूर्वी घरात एकटीनंच बाप्तिस्मा घेतलेला, म्हणून दफनभूमीत तिच्या माणसांची जागा न्हाय. ती प्रभूमध्ये निजली आणि तिला कुठंच जागा मिळंना. दोन दिवस बाई शवागारात. चर्चचं पाळकसाहेब दारोदार फिरलं, आणि मालकांनी आपल्या जागेच्या कागदावर सही करून दिली. मी बहिणीकडं असताना माती द्यायलाही स्वतः गेलं, विजार त्याच मातीनं भरलेली. वर सगळ्यांना बजावलं, हिला सांगू नका. माझ्या तोंडाला अख्खी मंडळी भिते, ते काय खोटं न्हाय.

"आणि तुम्ही कुठं निजणार?" मी विचारलं.

"नवी जागा झाली तर तिथं. न्हायतर ठेवतील तिथं."

मग मी ताळ सोडला. पोरीच्या शेजारची जागा परक्या बाईला दिलीत म्हटलं, मला न विचारता दिलीत म्हटलं, आणि बोलता बोलता रडाय लागले. मालकांनी मला बोलू दिलं. मग हळूच म्हणालं, "पोरगी वर भेटणार हाय न्हवं?"

दर रविवारी हे मी चर्चमधी पयल्या बाकापाशी उभी राहून छातीठोक म्हणते. सार्वकालिक जीवन, स्वर्गातलं घर, सगळं तोंडपाठ. मालक मागच्या बाकावर पेंगत असतं. आणि आता मी पदरानं डोळं पुसलं. मग खरं काय ते बोलले.

"ठाऊक न्हाय मला. खात्री असती तर मातीसाठी एवढी भांडले असते व्हय?"

"व्हय, मला ते केव्हाचं ठाऊक हाय," मालक म्हणालं. "म्हणून तर तुझ्या जागेला हात लावू दिला न्हाय."