फ्यूजला गुंडाळलेला चांदीचा कागद

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. गाडीच्या काचेला चिकटून बसायचे आणि चालवणाऱ्याला रस्ता सांगायचा, एवढेच माझे काम. ते मी चोख केले. आता सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका घरात, टीव्हीखालच्या खणात बिघडलेल्या रिमोटांशेजारी पडून आहे. मी रडगाणे गायला बसलेलो नाही. माझ्या मालकाबद्दल मला काय वाटते, ते एकदा स्वच्छ सांगायचे आहे. मला त्याची शिसारी येते.

माझा जन्म दूरदेशी एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात नकाशे भरले आणि सोबत एक चांगला, जाड वायरीचा चार्जर दिला. माझी बॅटरी लहान. ती घटकाभर तग धरते. माझा खरा जीव गाडीच्या लायटरच्या सॉकेटमधून येतो. लहान मुलालाही समजेल अशी ही गोष्ट आहे. गुरुशांतला ती कधीच समजली नाही.

गुरुशांत म्हणजे माझा मालक. टॉवेल-चादरींचा व्यापारी. परदेशातून आलेल्या मेहुण्याने मला त्याला भेट म्हणून दिले. सुरुवातीला माझे कौतुक फार झाले. माझ्यातून बाईचा आवाज येई. तो पाहुण्यांना गाडीत बसवून म्हणे, "आमच्या गाडीत बाई बोलती, बाई! ऐका की." मग घरापासून दुकानापर्यंतच्या रोजच्या रस्त्यावरही मला बोलायला लावी. मी "डावीकडे वळा" म्हणालो की मुद्दाम उजवीकडे वळे आणि खदाखदा हसे. अशा माणसासाठी उपग्रहांशी बोलताना मला लाज वाटायची.

माझा चार्जर त्याने एका मित्राला देऊन टाकला आणि बसस्टँडसमोरच्या हातगाडीवरून दुसरा आणला. तो सॉकेटमध्ये खुळखुळायचा. म्हणून गुरुशांतने त्याच्या कडेला आगकाडी खोचली. पुढे त्या एका सॉकेटला तीन तोंडांचा जोड लावला. एका तोंडाला मी, दुसऱ्याला त्याचा फोन, तिसऱ्याला लहानसा पंखा. खड्ड्यांनी वीज सारखी तुटायची आणि बॅटरी संपून माझे डोळे मिटायचे. मी पुन्हा सुरू होईपर्यंत तो मला चापट्या मारायचा. चापटीने वीज येते असे समजणाऱ्या माणसाच्या हातात गाडी असते, हे ध्यानात ठेवा.

त्याची आई दानम्मा मात्र वेगळी. तिची थोरली बहीण गंगव्वा अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेलगतच्या एका खेड्यात राहायची. गुरुशांतच्या लग्नात मानपानावरून दोघींचे बिनसले होते. तेव्हापासून अबोला. मग एके दिवशी गंगव्वाच्या मुलाचा, धुळाप्पाचा, फोन आला. "मावशी, अव्वा लई थकलीय. सारखं तुमचंच नाव काढतीय. दिवस मावळायच्या आत या."

दानम्माने बहिणीसाठी शेंगाची चटणी बांधून घेतली. गुरुशांतची बायको महेश्वरी तिच्याशेजारी मागे बसली. महेश्वरीने विचारले, "अहो, रस्ता विचारून घेतलाय का? वाटंत फोनला रेंज न्हाय म्हणं."

"मशीन हाय की!" गुरुशांतने माझ्या डोक्यावर थोपटले.

अक्कलकोटच्या अलीकडे मागचे चाक बसल्यासारखे वाटू लागले. गुरुशांतने हवा भरायचा पंप काढला, पंख्याची पिन उपसून तिथे पंपाची खुपसली आणि बटण दाबले. पंप हादरला आणि थांबला. फोनचे चार्जिंग थांबले. माझीही वीज गेली. सॉकेटचा फ्यूज उडाला होता. उडणारच होता. भार वाढला की स्वतः वितळून वायर वाचवायची, यासाठीच तो असतो.

महेश्वरी म्हणाली, "नवा फ्यूज घ्या की. फुडं गावात दुकान असंल."

"एवढ्याशा तुकड्यापायी दुकान हुडकत बसू? तू बघ तर."

शेजारी पानटपरी होती. तिच्यासमोर कुणीतरी सिगारेटचे रिकामे पाकीट फेकले होते. त्या शहाण्याने ते उचलले, आतला चांदीचा कागद सोलला, जळालेल्या फ्यूजला गुंडाळला आणि फ्यूज परत जागेवर दाबला. मी उजळलो. मित्रांनो, त्या विजेची मला किळस आली. पण ती नको म्हणायची सोय माझ्यात नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला. "इंजिनेर लागत न्हाई."

चाकात हवा भरायची मात्र त्याने पुढे ढकलली, आणि ती हळूहळू जातच होती. तुरीच्या शेतांमधल्या एका निर्जन रस्त्यावर त्याने गाडी पुन्हा थांबवली आणि पंप लावला. या वेळी अडवायला फ्यूज नव्हता. सगळा भार त्या वायरीवर आला. तीन तोंडांचा जोड मऊ पडला. डॅशबोर्डखालून करपल्याचा वास आला, मग काळा धूर. गुरुशांत चाकापाशी उकिडवा बसून हवेचा काटा बघत होता.

"अव्वा, उतरा! उतरा आधी!" महेश्वरी ओरडली. तिने सासूला दंडाला धरून बाहेर ओढले. मग ती परत आत वाकली, पंपाची पिन उपसली आणि मलाही काचेवरून काढले. तिचा तळहात भाजला. दोघांनी ओंजळीओंजळीने माती टाकून आग विझवली. गाडी मात्र सुरू होईना. फोनला रेंज नव्हती. मी शेवटच्या घटकेत दाखवत होतो: गाव अगदी जवळ, पुढच्या ओढ्यापलीकडे. दानम्माच्या गुडघ्यांना तेवढेही झेपणारे नव्हते, आणि गावातून मदत आणायचे सोडून गुरुशांत बॉनेट उघडून खटपट करत राहिला. मग माझे डोळे मिटले.

उन्हे कलल्यावर एक ट्रॅक्टर आला. त्यातून ते गावात पोचले. मी महेश्वरीच्या पिशवीत होतो. दिसत काही नव्हते, पण ट्रॅक्टर थांबल्याचे ऐकू आले. मग धुळाप्पाचा आवाज. "मावशी, दुपारपतूर बोलत हुती. 'दाना आली का' म्हणून दाराकडं बघत हुती. आता शुद्ध न्हाई."

दानम्मा बहिणीजवळ बसली. "अक्का, मी आलीया. अक्का, बघ की," एवढेच ती म्हणत राहिली. गंगव्वाने डोळे उघडले नाहीत. पहाटे ती गेली. चटणीची पुरचुंडी पिशवीत माझ्याशेजारी तशीच होती.

आणि गुरुशांत? सोलापुरात परतल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "काय करणार? मशीननंच दगा दिला. बोगस निघालं." लोक मान हलवायचे. त्या खोट्यापेक्षा त्याचा सहज स्वर मला जास्त घाण वाटला. एकदा तो असाच सांगत असताना दानम्मा आतून आली.

"गुरू, त्या डबड्याचं नाव घेऊ नगंस," ती म्हणाली. "महेश्वरी दुकान म्हणली हुती. मी मागं बसून ऐकलंय."

पाहुणे खाली बघू लागले. गुरुशांतने मला उचलून खणात टाकले. त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. मला तिची गरज नाही. फक्त एवढे करा. जितकी वीज पेलते तितकीच एका सॉकेटकडून मागा. खुळखुळणारा चार्जर आगकाडीने घट्ट करू नका, बदला. फ्यूज उडाला तर तो का उडाला ते आधी शोधा आणि त्याच मापाचा नवा बसवा. आणि हे जमत नसेल, कंटाळा येत असेल, दुकान शोधणे कमीपणाचे वाटत असेल, तर खुशाल चांदीचा कागद गुंडाळा. पण मग गाडीत एकटेच बसा.