मांजराचा खण

मी एक जुना चिमटा आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मालकांना एक पत्र आले आणि त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जन्मापासून सुरुवात करावी हे मला ठाऊक आहे. पण मला ते पत्रच आधी आठवते. लिफाफ्याच्या तोंडाशी ते अडकले होते. मालकांनी माझ्याच टोकांनी ते ओढून काढले, माशाचा काटा काढावा तसे, अगदी जपून. वाचले, परत वाचले आणि जाड शब्दकोशाखाली सरकवून ठेवले. त्या दिवसापासून मला त्यांचा संशय येऊ लागला.

मी हे नीट सांगू शकेन की नाही, याची मला खात्री नाही. माझी टोके चपटी आहेत. मी बारीक कामासाठी जन्मलोच नव्हतो. सान्जो गावातल्या एका कारखान्यात मला घडवले ते माशाचे काटे काढण्यासाठी. तिथून मी समुद्राकाठच्या हिमी गावात, हारुएबाईंच्या स्वयंपाकघरात आलो. बावीस वर्षे मी त्यांच्या हातात होतो. बांगड्याच्या पाठीवरून त्या बोट फिरवत, काटा लागला की मला पुढे करत आणि मी तो उपटत असे. नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणत, "घरात कामाचा काय तो हा एक चिमटाच." यापेक्षा मोठी स्तुती माझी कधी झाली नाही.

मग हारुएबाई वारल्या. दोन वर्षे मी खणात पडून होतो. शेजारी रबराची वेटोळी आणि एकेकट्या उरलेल्या जेवणाच्या काड्या. एके दिवशी खण उघडला आणि तोकुजी कुवाबारा, म्हणजे माझे मालक, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मालक एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षे त्यांनी प्रत्येक ओळीवर संशय घेण्याचा पगार घेतला. ती सवय निवृत्त झाल्यावरही गेली नाही. मीठ मीठच आहे ना, हे ते चाखून बघत. वाचायचे ते हलक्या आवाजात वाचत, म्हणजे चूक कानाला लागते. माणसांशी मात्र फारसे बोलत नसत. बोललेले वाक्य मागून दुरुस्त करता येत नाही, याचीच त्यांना धास्ती असावी.

त्यांनी मला बाहुलीघराच्या कामाला लावले. विकत काही आणायचे नाही. टाकाऊ काड्या चिरून खांब करायचे, झिजलेल्या चटईच्या कडेतून गवत काढून बोटाएवढ्या चटया विणायच्या, ओकच्या फळाची टोपी म्हणजे भाताचा वाडगा, दुधाच्या डब्याचा पुठ्ठा म्हणजे कपाट. मला वाटले होते, मला हे जमणार नाही. पण माझ्या चपट्या टोकांनी कागद दुमडत नाही, असे मालक एकदा पुटपुटले. मी ते जपून ठेवले आहे.

मालकांच्या घरात दोन मांजरे होती. जिझो म्हातारा, एका डोळ्याचा, झोपलेलाच असायचा. दुसरी गोमा, अंगावर तीळ उधळल्यासारखे ठिपके. तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मला साबणाने कितीही धुतले तरी बावीस वर्षांचा बांगडा माझ्या अंगातून जात नाही. मालकांची पाठ वळली की ती मला तोंडात धरून, थंडीत पाय उबवायला मेजावर पांघरलेल्या रजईखाली नेई आणि चाटत बसे. एखाद्याला इतके प्रेमाने चाटणारे कोणी विश्वासू असेल का, तुम्हीच सांगा.

आता पत्राकडे येतो. ते मालकांच्या धाकट्या बहिणीचे होते. तिचे नाव सुमिए, राहते नागासाकीला. मालक पत्रही हलक्या आवाजात वाचतात, म्हणून मला ते ठाऊक आहे:

"दादा, काल दारांना नवा कागद लावताना एक गोष्ट डोक्यात आली. कुरी गेली त्या रात्री मी तिला हाक मारायला विसरले, असं आई म्हणाली, आणि साठ वर्षं मीही तेच धरून बसले. पण कुरीला हाक कधी मारावी लागायची? ती आपली आपण तिच्या खणातून यायची. मग त्या रात्री का नाही आली? खण कोणी चिकटवला होता का? रागावून विचारत नाही. फक्त कळव."

कुरी म्हणजे त्यांच्या लहानपणीची मांजर. तिकडे घरांची सरकती दारे म्हणजे लाकडी चौकटीतले खण आणि त्यांवर डकवलेला कागद. दर वर्षाअखेरीस जुना कागद काढून नवा लावतात, पण मांजराच्या घरात खालच्या कोपऱ्यातला एक खण मोकळा ठेवतात. तो मांजराचा रस्ता.

"रागावून विचारत नाही" ही ओळ मालकांनी तीनदा वाचली. हिला सगळे कळले आहे, कबुली तेवढी हवी आहे, असे त्यांना वाटत असावे. की तिला काहीच ठाऊक नव्हते? मी चिमटा आहे. माणसाच्या मनातले मला दिसत नाही. पण त्या दिवसापासून शब्दकोश जागचा हलला नाही, आणि मुद्रितशोधकाच्या घरात शब्दकोश हलत नाही, हे काही बरे लक्षण नव्हे.

यंदाच्या थंडीत त्यांनी एक नवे घर करायला घेतले. डोंगरावरचे, त्यांच्या लहानपणचे घर. खरे घर केव्हाच पाडले गेले. बाहेरची लाकडी झडप, तिची एक मोडकी फळी, आतली लांब ओसरी, सगळे त्यांनी आठवणीतून केले. शेवटी ओसरी आणि खोली यांच्यामधले कागदी दार. चार उभे, पाच आडवे, वीस खण. कागद चहाच्या पुडीचा, खळ भाताची. एकेक तुकडा मीच धरला. एकोणीस झाले. विसावा, खालच्या डाव्या कोपऱ्यातला, मालकांनी दोनदा माझ्याकडून काढून घेतला आणि मगच लावला.

दुसऱ्या दिवशी तोच खण फाटलेला होता.

मालकांनी गोमाकडे पाहिले. गोमाने भिंतीकडे पाहिले. मालकांनी नवा कागद लावला आणि तिच्या तोंडी लागू नये म्हणून मला त्या छोट्या घरात, कागदी दाराच्या आतल्या खोलीत ठेवले. परत तोच खण फाटला आणि मी रजईखाली सापडलो. परत चिकटवला. परत फाटला. वीस खणांपैकी नेमका तोच. मालक गोमाकडे असे बघू लागले, जणू तिला कोणी नागासाकीहून पाठवले आहे.

कारण अगदी साधे होते. कागदाला आणि खोलीला माझा वास होता, आणि कोपऱ्यातला तोच खण तिच्या पंजाला सोयीचा होता. पण मला बोलता येत नाही. आणि एक शंका मला अजूनही छळते. कपाटावर घट्ट झाकणाचा बिस्किटाचा डबा होता. मला त्यात न ठेवता मालकांनी रोज त्या दारामागेच का ठेवले? मी विचारलेले नाही.

चौथ्यांदा चिकटवत असताना शेजारच्या इसोबेबाई आल्या. त्यांचे बाजारात मासळीचे दुकान आहे, आणि आठवड्यातून एकदा त्या उरलेला बांगडा मालकांना देतात आणि उरलेले बोलणेही. त्या वाकून दाराकडे बघत राहिल्या.

"कुवाबारासान, पुस्तकं वाचून वाचून माणूस असा होतो होय? घरात दोन मांजरं आणि दाराला एकही खण मोकळा नाही. आमच्याकडे कागद यायच्या आधी सासूबाई बजावायच्या, मांजराचा खण सोडा. तुमच्या आईने सोडला नव्हता?"

मालकांनी मला खाली ठेवले.

"सोडायची," ते म्हणाले. "त्या वर्षी कागद मी लावला."

मग ते थांबत थांबत बोलले. अकरा वर्षांचे होते. वडिलांनी पहिल्यांदाच सगळी दारे त्यांच्यावर सोपवली होती. एक रिकामा खण त्यांना ओळीत गळलेल्या अक्षरासारखा खुपला, म्हणून त्यांनी तोही चिकटवला. सुबक चिकटवला. रात्री बर्फ पडला. कुरीला आईने शिस्त लावली होती, ती कागदाला कधी नख लावत नसे. पहाटे सगळ्यांच्या आधी तेच उठले. ओसरीवर मोडक्या फळीपासून दारापर्यंत ओली पावले होती. दारापाशी एक गोल ओला डाग, ती बसून राहिली होती तिथे. आणि मग पावले परत गेलेली.

"मी फडक्याने पुसली," मालक म्हणाले. "सुमिए उठली तेव्हा ओसरी कोरडी होती. आई तिला बोलली तेव्हा मी जेवत होतो. जेवतच राहिलो."

इसोबेबाईंनी बांगड्याची पुडी मेजावर ठेवली. मग त्यांनी विचारले, "मांजर गेलं ते गेलं. बहीण आहे ना?"

"आहे."

"मग या बिचारीवर कशाला डोळे वटारताय?" गोमाच्या डोक्यावर एक टपली मारून त्या उठल्या. "बांगडा आजच खा. उद्यावर ठेवू नका."

त्या गेल्यावर मालकांनी विसाव्या खणाच्या कडा ओल्या बोटाने भिजवल्या आणि तो कागद माझ्याकडून अलगद काढवला. मी हजारो काटे काढले आहेत. पण इतका जुना कधी काढला नव्हता.

मग त्यांनी हारुएबाईंची बिनरंगाची नखपॉलिशची बाटली शोधून काढली. माझे टोक त्यात बुडवून छोट्या ओसरीवर थेंब टेकवले. एक मोठा, चार बारीक. एक मोठा, चार बारीक. दारापर्यंत नऊ पावले, दारापाशी एक गोल डाग, परतीची नऊ पावले. वाळली तरी ती ओलीच दिसत होती. मित्रांनो, पुसलेले परत उमटवणे, हे माझ्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम.

पत्र त्यांनी चार पाने लिहिले. मग लाल पेन घेऊन बसले आणि सगळी कारणे खोडत गेले. उरले ते एवढेच: "सुमिए, तू विसरली नव्हतीस. खण मी चिकटवला. पावलं मी पुसली. दादा."

तुम्हाला शिकवण देण्याइतका मी मोठा नाही. मला वापरलेत तर पुसून कोरडा ठेवा, एवढे मागतो, गंजाची मला भीती वाटते. आणि काही सुबक करताना एखादी रिकामी जागा डोळ्यांना खुपली, तर ती बुजवण्याआधी तिथून कोणाची ये-जा आहे का, ते बघा.

सकाळी ओसरी आणि दार कापसात गुंडाळून खोक्यात गेले. गोमा नेईल या संशयाने मालकांनी मला खिशात घातले, टोके तेवढी बाहेर, म्हणून पुढचे मला कळले. पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीने चिठ्ठीवर लिहायला पेन उचलले आणि आत काय आहे ते विचारले.

"एक दार," मालक म्हणाले. "आणि ओली पावलं."

"आजोबा, ओलं काही घेत नाही आम्ही. बाकीचं टपाल खराब होतं."

"दिसतात ओली. त्रेसष्ट वर्षं झाली."

मग तिने 'बाहुलीघराचे सामान' असे लिहिले, 'नाजूक' असा लाल कागद वर डकवला आणि शिक्का मारला. खोके मागच्या पेटीत सरकल्याचा आवाज आला. खिशात मालकांची बोटे मला घट्ट धरून होती. मग ती हळूहळू सैल झाली.