रिकाम्या रकान्याचं ओझं

मी एक जुनी वेबसेवा आहे, मित्रांनो. दवाखान्याच्या मोठ्या संगणकात रुग्णांची माहिती असते. कुणी मागितली की ती बांधून पोचवायची, हे माझं काम. माझ्या पद्धतीचं नाव सोप, लिपीचं नाव एक्सएमएल. प्रत्येक गोष्टीच्या आगेमागे नावाची पाटी, वर लखोटा. नुसता ताप कळवायचा तरी मी बाडबिस्तरा घेऊन निघणार!

टेबलावरच्या संगणकांना ते चालायचं. 'हिच्या हातून अक्षर सांडत नाही,' असं कौतुक मी ऐकलं आहे.

मग घरोघरी इंजेक्शन द्यायला जाणाऱ्या नर्सताईंच्या हाती मोबाइल आला. आतल्या खोल्यांत रेंज धड नसायची आणि माझे लखोटे वाटेतच अडकायचे. नर्सताई वैतागायच्या, "ही येईपर्यंत पेशंट बरा होऊन फिरायला जाईल!"

खरंच होतं त्यांचं. प्रोग्रॅमर मुलीनं नवी सेवा बांधली. तिच्या पद्धतीचं नाव रेस्ट, लिपीचं नाव जेसन. अंगानं सुटसुटीत, पायानं चपळ. तरी तिचे साहेब म्हणाले, "अजून हलकी कर. रिकामे रकाने कशाला वाहायचे?"

"सर, रिकामं म्हणजे अजून विचारलेलं नाही. 'नाही' वेगळं."

"अगं, रिकामं ते रिकामं! कीस काढू नकोस."

मुलीनं सांगितलं तसं केलं. रिकामे रकाने गळाले. रकाना आलाच नाही की मोबाइल आपल्या मनानं दाखवू लागला, 'ॲलर्जी: नाही'.

एका घरी आजी ग्लानीत होत्या, सून औषधं आणायला गेली होती. नर्सताईंनी मोबाइल पाहिला आणि इंजेक्शन दिलं. परतलेली सून नर्सताईंच्या हातातली बाटली पाहून दारातूनच ओरडली, "ताई, ते नको! मागे त्यानंच श्वास कोंडला होता त्यांचा!"

आजी वाचल्या नाहीत.

चौकशीत मुलीनं तीच नोंद माझ्याकडून मागवली. मी नेहमीसारखी बांधून दिली. ॲलर्जीची पाटी, पुढे कोरी जागा.

नर्सताईंनी पडद्यावरच्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे दिसलं असतं, तर सुनेची वाट पाहिली असती गं मी."

मुलीला मान वर करवेना.

नव्या सेवेत तो रकाना आता आहे. दुरुस्ती एका सकाळीच झाली. तेवढीच तर होती. मला लवकरच बंद करतील. करू देत, मोबाइलला हलकी सेवाच हवी. पण मित्रांनो, ओझं उतरवताना काय खाली ठेवतो आहोत ते बघा. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असंच लिहा.

नर्सताई आता आधी घरच्यांना विचारतात, मग मोबाइल उघडतात. आजींच्या दारावरून जाताना मात्र त्या रस्ता ओलांडून पलीकडून जातात.