वाढणारे पोते

भाजीबाजाराच्या पत्र्याच्या छपराखाली त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती, की भाजी घ्यायला आलेल्या माणसालाच आत शिरायला जागा नव्हती. मधोमध एका स्टुलावर मखमलीच्या तुकड्यात एक काळी, गुळगुळीत शिळा, आणि तिच्याशेजारी डोळे अर्धे मिटून बसलेले समतोल महाराज.

"आईशप्पथ सांगतो," कांदेवाला गळ्याला हात लावून सांगत होता, "ठोक बाजारातून पन्नास किलोचं पोतं आणलं. सडका कांदा फेकला, माती झाडली, आणि विकून बघतो तर पन्नासाच्या वर भरलं!"

"माझे बटाटेपण वाढले!"

"अरे, माझा पालक वाढला! दुपारपर्यंत माना टाकतो तो पालक!"

पदार्थ शून्यातून निर्माण होत नाही, हे ठरवायला विद्वानांच्या कित्येक पिढ्या खपल्या. आमच्या बाजारात तो सिद्धांत एका पोत्याने निकालात काढला.

"काटा वजन दाखवत नाही, लेकरांनो," महाराज म्हणाले. "काटा मन दाखवतो. मन निर्मळ, तर माल वाढेल. मनात पाप, तर माल आटेल!"

मन निर्मळ करण्याची सोय बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोत होती. दक्षिणा द्यायची, आपला इलेक्ट्रॉनिक काटा शिष्याच्या हाती सोपवायचा. शिष्य तो पडद्याआड नेई, आतून मंत्र ऐकू येत, आणि थोड्या वेळाने काटा 'शुद्ध' होऊन परते. त्याच्या तळाला महाराजांच्या हसऱ्या फोटोचे स्टिकर चिकटलेले असे. मग सर्वांसमक्ष त्यावर ती शिळा ठेवायची; महाराजांच्या म्हणण्याने ती एक किलोची. आकडा उमटे तो बरोबर एक किलोचा. गर्दी गरजे, "शुद्ध!"

सगळ्या बाजारात एकच काटा अशुद्ध उरला होता, तो टोमॅटोवाल्या मावशींचा. काटा विकत घेताना त्यांनी चार दुकाने पालथी घातली होती, शिशाचे सील नीट पाहूनच पैसे मोजले होते, आणि दर वर्षी तपासनिसाकडून त्यावर शिक्का मारून आणत होत्या. "सरकारी माणसानं तपासलाय," त्या म्हणाल्या होत्या, "मग आणखी कसली शुद्धी करायची?"

"ठेवा शिळा," महाराज शांतपणे म्हणाले.

शिळा ठेवली. आकडा उमटला नऊशे पन्नास ग्रॅमचा.

"पन्नास ग्रॅम खाते!" कुणीतरी ओरडले. "इतकी वर्षं खाल्लं हिनं आमचं!"

एवढे पुरेसे होते. बाजार समितीने बजावले की सोमवारपर्यंत काटा शुद्ध करा, नाहीतर जागा सोडा. कांदेवाल्याने आपल्या पेट्या मावशींच्या बाजूने उचलून पलीकडे मांडल्या, जणू टोमॅटोंना काही संसर्ग झाला होता. रोजची गिऱ्हाइके तोंड फिरवून जाऊ लागली.

मावशींनी भांडण केले नाही. भांडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या खाली मान घालून बसू लागल्या, आणि एका संध्याकाळी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "झोप येत नाही हो. गोळी द्या काहीतरी. माझ्या हातून कुणाचं कमी गेलं असेल का? सगळ्यांचा माल वाढतो. माझाच तेवढा दिवसभरात घटतो."

"मावशी, टोमॅटो सुकतो. काही पिचकतात, फेकावे लागतात. घटणारच की!"

"पण त्यांचा वाढतो ना..."

"काही न घालता जे आपोआप वाढतं, त्याला आमच्या दवाखान्यात गाठ म्हणतात," बाई म्हणाल्या. "काढावी लागते ती."

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई बाजारात आल्या त्या काचेचे मोजपात्र आणि पाण्याचा कॅन घेऊन. रिकामे मोजपात्र त्यांनी मावशींच्या काट्यावर ठेवले, आकडा शून्यावर आणला आणि एक लिटरच्या रेघेपर्यंत पाणी ओतले.

"एक लिटर पाण्याचं वजन किती? शाळेत गेलेल्या कुणीही सांगा."

"एक किलो," गर्दीतून नाइलाजाने उत्तर आले.

मावशींच्या काट्यावर एक किलोच उमटला. मग तेच सगळे कांदेवाल्याच्या शुद्ध काट्यावर झाले. तिथे एक किलो, आणि वर पन्नास ग्रॅमहून थोडे जास्तच.

महाराजांचे डोळे पूर्ण उघडले. "पाण्याला मन नसतं, बाई!"

"म्हणूनच तर ते आणलंय."

बाईंनी कांदेवाल्याचा काटा उलटा केला आणि महाराजांचे हसू नखाने सोलून काढले. खाली तुटलेले सील होते, आणि सीलमागे दडलेले एक बटण. हे बटण दाबून काट्यावर एखादी वस्तू ठेवायची आणि हवा तो आकडा सांगायचा, की काटा तिचे वजन तेवढेच धरून चालतो. पडद्याआडचा विधी तेवढाच होता. शिळा खरी साडेनऊशे ग्रॅमची. काट्याला सांगितले होते की हाच एक किलो. मग त्याच शिळेने त्याच काट्याची परीक्षा घेतली, तर तो नापास कसा होणार? यंत्राला विवेक नसतो, सांगितले ते मानते. यंत्राला ते शोभते.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मावशींचा काटा शिळेचे वजन कमी दाखवत होता. कमी दाखवणाऱ्या काट्यावर किलो भरायला माल जास्त घालावा लागतो. तो काटा चुकीचा असता, तरी नुकसान मावशींचेच झाले असते. हे एवढे गणित करायची तसदी त्या गर्दीत कुणी घेतली नाही. पाप मात्र सर्वांना तत्काळ दिसले.

पिशवी हातात घेतलेल्या एका बाईंनी हळूच विचारले, "म्हणजे पोत्यात वाढलेला तो कांदा... माझ्या पिशवीतला होता?"

"मला काय ठाऊक, ताई," कांदेवाला पुटपुटला. "मला वाटलं, कृपा आहे."

"माल घटला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तर पहिल्याच दिवशी काटा उलटा करून बघितला असतास."

तेवढ्यात बाहेरचा टेम्पो सुरू झाल्याचे ऐकू आले. स्टुलावर शिळा तेवढी राहिली.

म्हणून वाचकहो, काटा घेताना विकणाऱ्याचे बोलणे नव्हे, काट्याचे सील पाहा. सपाट जागी ठेवा, रिकामा असताना शून्य दाखवतो का ते पाहा, आणि ज्याने काटा दिला त्याच्या वजनाने तो कधीही तपासू नका. माणसांच्या बाबतीतही हाच नियम पाळला, तर पुष्कळशी महाराजकी दुपारपर्यंत माना टाकेल. आणि जो चमत्कार आपल्या फायद्याचा असेल, त्याची चौकशी सगळ्यात आधी करा. ती करायची इच्छा सगळ्यात कमी असते.

गर्दी पांगली. मावशींनी पदराने काट्याचे ताट पुसले.

"तुझ्या पेट्या इकडे घे परत," त्या कांदेवाल्याला म्हणाल्या. "तिकडे वाट अडते लोकांची."

त्याने पेट्या आणल्या. पिशवी घेऊन तिथेच थांबलेल्या त्या बाईंनी नुकतेच घेतलेले कांदे त्याने मान वर न करता मावशींच्या काट्यावर ठेवले. किलो भरत नव्हता. त्याने एक कांदा टाकला. तरीही भरला नाही, तेव्हा आणखी एक टाकला.

"भरला आता," मावशी म्हणाल्या.

तो मात्र हात पेटीतच ठेवून, पांगलेल्या गिऱ्हाइकांच्या वाटेकडे बघत उभा राहिला.